विज्ञानाचे कार्यक्रम कोणासाठी? नवख्यांसाठी की मुरलेल्यांसाठी?

अवकाशवेडा (इंदूर)

मंडळी, काल रात्री कृष्णविवरांवरचा एक कार्यक्रम लावला. चॅनेलचं नाव घेत नाही, कुठलंही धरा. सुरुवातीला गुरुत्व समजावायला ताणलेली चादर, चादरीवर जड गोळा, गोळ्याभोवती गरगरणारी गोटी. मग जाहिराती. मग "आपण पाहिलं की" म्हणत परत तीच चादर. मग ढोल बडवल्यासारखं संगीत, कोणी एक प्राध्यापक हातवारे करत "कल्पनेच्या पलीकडचं" म्हणतात, आणि पुन्हा जाहिराती. तास संपला. मला नववीत जे ठाऊक होतं त्यात एका अक्षराचीही भर पडली नाही.

आता गंमत बघा. २०१९ च्या एप्रिलमध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं. त्यासाठी जगभरातल्या आठ दुर्बिणी एकाच वेळी एकाच दिशेला रोखल्या होत्या. जमलेली माहिती इतकी अफाट की ती इंटरनेटवरून पाठवणं शक्यच नव्हतं. हार्ड डिस्क खोक्यांत भरून विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या, कारण तोवर विमानच जात नाही. यावर एक अख्खा तास रंगला असता. कार्यक्रमात याला मिळालं एक वाक्य. चादरीला मिळाली वीस मिनिटं.

म्हणून प्रश्न: एखादा तरी कार्यक्रम असा का नसावा, ज्यात बघणाऱ्याला मुळाक्षरं येतात असं गृहीत धरलंय? सगळंच बालवाडीपासून का?

---

भिया_बोले (इंदूर)

पहिला! पॉपकॉर्न नाही, सेव-परमल घेऊन बसून राहिलो आहे.

---

शिक्षिका_तिलकनगर (इंदूर)

असहमत. चादर तुम्ही कितव्यांदा पाहिलीत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. दरवर्षी सातवीत नवी मुलं येतात, त्यांच्यासाठी ती पहिलीच असते. तुम्हाला कंटाळा आला म्हणून त्यांची पायरी काढून घ्यायची का?

आणि चादरीला इतकं हसू नका. मागे वर्गात मी ओढणी ताणून हेच करून दाखवलं होतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, गोळा ओढणीत खाली गेला कारण खालून पृथ्वी ओढते. मग आकाशातल्या चादरीला खालून कोण ओढतं?" वर्ग हसला. मी नाही हसले. मला उत्तर येत नव्हतं.

---

अवकाशवेडा

ताई, मग तर तुम्ही माझ्याच बाजूच्या! त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर कालच्या कार्यक्रमात कुठे होतं? चादर दाखवली, पण ती कुठे फाटते ते नाही दाखवलं.

---

कॅटमधला_निवृत्त (इंदूर)

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. हा आक्षेप पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अगदी खरा आहे. चादरीच्या उदाहरणात गुरुत्व समजावायला गुरुत्वच वापरलंय. शिवाय पृथ्वीसारख्या ग्रहांच्या बाबतीत मुख्य परिणाम अवकाशाच्या वळण्याचा नसून वेळेच्या वळण्याचा असतो. जड वस्तूजवळ घड्याळ सावकाश चालतं, आणि वस्तू 'पडते' ती प्रामुख्याने त्यामुळे. चादरीवर वेळ दाखवायला जागाच नाही.

आता धाग्याबद्दल. कॅटमध्ये, म्हणजे इथल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, नोकरीत असताना विज्ञान दिनाच्या सुमारास पाहुण्यांना इंडस-२ हे यंत्र दाखवायचं काम अनेकदा माझ्याकडे यायचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सुमारे १७२ मीटर घेराचं कडं आहे, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवतात. चुंबकाने त्यांना वळवलं की ते प्रकाश फेकतात, अगदी क्ष-किरणांपर्यंत. त्या प्रकाशावर प्रयोग चालतात.

शाळेची मुलं आली की प्रश्नांची झोड. इलेक्ट्रॉन दिसतो का? थकतो का? कडं फुटलं तर? अभियांत्रिकीची मुलं आली की सगळीकडे शांतता. हातातले कागद बघत उभी. जाताना एखादा बाजूला येऊन हळूच विचारायचा, "सर, ते वळल्यावर प्रकाश का देतात?" म्हणजे शाळकरी पोरांचाच प्रश्न. फक्त चारचौघांत विचारायची लाज वाटते. त्यामुळे नवखा कोण आणि मुरलेला कोण याची रेघ अवकाशवेडा समजतात तितकी सरळ मला तरी कधी दिसली नाही.

---

भिया_बोले

काका, कॅट रोडवर आमचं आयुष्य गेलं आणि आत काय चालतं ते आज कळलं. लहानपणी आम्हाला वाटायचं आत मांजरी पाळतात.

---

कॅटमधला_निवृत्त

भिया, २००५ मध्ये संस्थेला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव लागलं तरी तुम्ही लोकांनी मांजर काही सोडली नाही.

---

संकलक (मूळचा इंदूर, हल्ली मुंबई)

मी याच धंद्यात आहे, एडिटिंग टेबलवर. आतली गोष्ट सांगतो, नाव कोणाचं घेणार नाही.

तुम्ही सगळे समजता की चॅनेलवाले नवख्यांसाठी बनवतात. तसं नसतं, ते *मधूनच आलेल्यासाठी* बनवतात. जेवता जेवता रिमोट दाबणारा माणूस अकराव्या मिनिटाला आत येतो, त्याला तिथे धरून ठेवायचं. नियमाने तासाला १२ मिनिटं जाहिराती. प्रत्येक ब्रेकच्या आधी "पुढे काय होणार", ब्रेकनंतर "आतापर्यंत काय झालं". बेरीज करा. उरलेल्या वेळातही प्रत्येक तुकडा सुटा उभा राहिला पाहिजे, अशी अट असते.

यात पहिला बळी कोणाचा जातो? "हे कळलं कसं" याचा. कारण ते साखळीनेच सांगावं लागतं: अमुक दिसलं, त्यावरून तमुक शंका आली, ती अशी तपासली, मग हा निष्कर्ष. मधली कडी ज्याची चुकली त्याला पुढचं लागत नाही, तो चॅनेल बदलतो. म्हणून साखळी काढायची आणि शेवटचा निष्कर्ष तेवढा ठेवायचा, वर संगीत. हार्ड डिस्कची गोष्ट मी स्वतः कापली असती. मन मारून, पण कापलीच असती.

तेव्हा नवख्याला शिव्या देऊ नका. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बसणारा नवखा ही साखळी आरामात पचवतो.

---

अवकाशवेडा

हे मात्र डोक्यात आलंच नव्हतं. धन्यवाद. म्हणजे दोष ब्रेकचा?

---

थेम्सकाठचा (इंदूर → इंग्लंड)

ब्रेक नसले की काय होतं त्याचं उदाहरण इकडे आहे. बीबीसीवर 'द स्काय ॲट नाइट' एप्रिल १९५७ मध्ये सुरू झाला, महिन्यातून एकदा. पॅट्रिक मूर यांनी तो २०१२ च्या डिसेंबरात जाईपर्यंत सांभाळला. इतक्या वर्षांत त्यांचा एकच भाग चुकला, तोही अन्नातून विषबाधा झाली म्हणून. लहान कार्यक्रम, तोही बरेचदा रात्री उशिरा. या महिन्यात आकाशात काय दिसेल ते दुर्बीण नसलेल्याला सांगायचे, आणि त्याच भागात एखाद्या संशोधकाला बसवून भलताच बारीक मुद्दा काढायचे. कोणासाठी होता? रात्री जागणाऱ्यांसाठी, दुसरं काय.

उलट उदाहरणही इथलंच. रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळची व्याख्यानं १८२५ पासून चालू आहेत, १९६६ पासून टीव्हीवर दिसतात. समोर मुलं बसलेली, बोलणं त्यांच्याशी. पण घरोघरी आईवडीलच जास्त रंगून बघतात. फॅरेडेने साध्या मेणबत्तीवर मुलांसाठी व्याख्यानमाला दिली होती, ती आजही रसायनाचे प्राध्यापक वाचतात.

---

प्रश्नचिन्ह (भोपाळ)

टीव्ही? अजून कोण बघतं? यूट्यूबवर नवख्यासाठी वेगळं, मुरलेल्यासाठी वेगळं, सगळं पडलंय. दोन तासांचं गणितासकट हवं, घ्या. तीस सेकंदांचं हवं, घ्या. प्रश्नच निकालात निघाला. संपादक, धागा बंद करा.

---

काकू_स्नेहलतागंज (इंदूर)

प्रश्नचिन्ह, धागा बंद करायची एवढी घाई का बरं? आमच्याकडे अजून टीव्ही चालतो आणि मी बघते. यूट्यूबवर मला काय हवं ते आधी मलाच माहीत असावं लागतं. जे ठाऊकच नाही ते शोधायचं कसं? टीव्हीवर भाजी निवडता निवडता समोर येतं.

नव्वदच्या सुरुवातीला दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' लागायचा. आधी गिरीश कार्नाड असायचे, आणि भौतिकशास्त्रज्ञ प्रोफेसर यशपाल लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. मला विज्ञानाचं काही कळत नाही, मी मराठी घेऊन बीए. पण तो भाग चुकवायची नाही, कारण प्रश्न माझ्यासारख्याच कोणाचे तरी असायचे. उत्तर किती खोल जाईल याची यशपालांनाही पर्वा नसायची. प्रश्न जाईल तिकडे ते जायचे.

आणि चांद्रयान-३ चं चंद्रावर उतरणं आठवा. २३ ऑगस्ट २०२३. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. पडद्यावर काय होतं? ना संगीत, ना कोणी नट. एक आलेख! त्यावर एक ठिपका सरकतोय आणि बाजूला उंची-वेगाचे आकडे. सगळा हॉल त्या ठिपक्याकडे डोळे लावून. सोसायटीतल्या एकीच्या सासूबाईंना साक्षरतेच्या पलीकडे शिक्षण नाही, पण "आता वेग कमी व्हायला हवा" असं त्या म्हणाल्या. त्यांना हे कोणी शिकवलं? २०१९ ने. तेव्हा चांद्रयान-२ चा ठिपका सुमारे दोन किलोमीटर उंचीवर असताना वाटेवरून बाजूला सरकला आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. तेव्हापासून तो आलेख कसा वाचायचा हे अख्ख्या देशाला ठाऊक.

---

संकलक

काकू, दंडवत! आमच्या मीटिंगमध्ये कोणी "पंधरा मिनिटं नुसता आलेख दाखवू" म्हटलं असतं तर त्याला चहा देऊन घरी पाठवलं असतं.

---

कॅटमधला_निवृत्त

त्यातलाही एक तपशील बघा. रफ ब्रेकिंग म्हणजे ३० किलोमीटरवरून साधारण साडेसातपर्यंत खाली येणं, त्याला साडेअकरा मिनिटांच्या आसपास लागतात. त्या वेळात वेग सेकंदाला १.६८ किलोमीटरवरून सुमारे ३५८ मीटरवर आणायचा. टीव्हीवाल्या हिशोबाने त्या साडेअकरा मिनिटांत काहीच 'घडत' नाही. पण कोणी उठलं नाही.

---

प्रश्नचिन्ह

तो देशाभिमान होता, विज्ञान नाही. उतरणार की आपटणार, एवढंच लोकांना बघायचं होतं. रोजच्या कार्यक्रमाला ही गोष्ट लागू होत नाही.

---

काकू_स्नेहलतागंज

उतरणार की आपटणार हे बघायलाही आकडे वाचावेच लागले ना?

---

दांडियाबाजार (बडोदे)

थोडं मागे जाऊ या. ही गोष्ट वडिलांकडून बरीच ऐकलेली. १९७५-७६ मध्ये वर्षभर साइटचा, म्हणजे उपग्रहावरून टीव्हीने गावांना शिकवायचा, प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेतला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट उपग्रहावरून टीव्ही. त्यात तुमचा मध्य प्रदेशही होता. गावात तीन मीटरची अँटेना, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे तेव्हाचे संचालक कोण? काकूंचे यशपाल. सकाळी शाळेच्या मुलांसाठी विज्ञान, संध्याकाळी शेती-आरोग्य.

आणि त्याच्याही आधीचं 'कृषि दर्शन', २६ जानेवारी १९६७ पासून. त्यात कोणी "बियाणं म्हणजे काय" सांगत बसलं नाही. अमुक कीड, अमुक औषध, इतक्या पाण्यात इतकं, पेरणीनंतर इतक्या दिवसांनी. शुद्ध मुरलेल्यांचा कार्यक्रम! कारण शेतकरी त्या विषयात मुरलेलाच असतो. सरकारी चॅनेलवर हे वर्षानुवर्षं चाललं आणि कोणाला अवघड वाटलं नाही.

---

भिया_बोले

कोणाला अवघड वाटलं नाही?? दादा, आम्ही शहरातली पोरं चित्रहारची वाट बघत तो कार्यक्रम सोसायचो. भुईमुगावरचा टिक्का रोग मला आजपण ओळखता येतो. उपयोग शून्य.

---

शिक्षिका_तिलकनगर

बघा! समोर नुसते बसून राहिलात तरी मुरलात :)

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

उशिरा आलो. सगळं वाचलं. दोन गोष्टी.

एक, ग्रहणं. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण, तेव्हा रस्ते ओस आणि लोक दारं लावून घरात. २४ ऑक्टोबर १९९५ ला खग्रासचा पट्टा आग्र्याच्या बाजूने गेला, आमच्यापासून फार लांब नाही. तेव्हा दूरदर्शनने थेट प्रक्षेपण केलं. आमच्या वाड्यात अर्धी माणसं टीव्हीसमोर, अर्धी गच्चीवर काळी फिल्म घेऊन. (त्या फिल्मने बघू नये हे आता कळतं, लहान मुलांनो, करू नका.) आजी सोवळ्यात बसली होती. पण टीव्हीवर हिऱ्याची अंगठी (झाकलेल्या सूर्याच्या कडेला चमकणारा ठिपका) दिसली तेव्हा उठून आली. टीव्हीवर कोण कोणासाठी बोलत होतं, आठवत नाही. खरी गोष्ट खऱ्या वेळी चालू होती, बस.

दोन, नारळीकर सर. नव्वदच्या दशकातली त्यांची 'ब्रह्मांड' मालिका कोणाला आठवते? हिंदीत होती. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले तेव्हा मला पहिली तीच आठवली. बनारसला वाढलेला मराठी माणूस, म्हणजे आपल्याच गोतातला. शांतपणे, गडबड न करता बोलायचे. समजलं नाही तर तुम्ही परत विचार करा, मी थांबतो, अशी ती चाल. आताच्या कार्यक्रमांत कोणी थांबतच नाही.

---

शिक्षिका_तिलकनगर

थांबण्यावरून सांगते. माझी पहिली काही वर्षं देवासकडे गेली. तेव्हा होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालू होता. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला, पुढे एकलव्य संस्थेने तो राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत पसरवला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. त्यात पाठ्यपुस्तकाने उत्तर द्यायचंच नाही, प्रयोगाच्या पेटीतून मुलांनी काढायचं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. नव्या शिक्षकांना घाम फुटायचा, कारण मुलं वेगवेगळी उत्तरं आणायची आणि मग बरोबर कोणाचं यावर वर्गात भांडण. तेच तर हवं होतं.

अवकाशवेडा यांना माझं म्हणणं असं की तुम्ही पातळीवर भांडताय. त्या खेड्यातल्या मुलांना मूळ माहिती काहीच नव्हती, आणि तरी त्यांचं काम कुठल्याही चॅनेलपेक्षा खोल होतं.

---

अवकाशवेडा

ताई, वर्ग वेगळा आणि टीव्ही वेगळा. टीव्हीवर मुलाच्या हातात पेटी देता येत नाही. माझी मागणी तशीच आहे: आठवड्यातून एक तास असा द्या जिथे चादर नाही. लोकांनी यशपाल, नारळीकर, कृषि दर्शन सगळं सांगितलं, पण ते सगळं जुनं. आज काय?

---

थेम्सकाठचा

हातात पेटी नाही, पण काठी देता येते. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची 'कॉसमॉस' मालिका आठवा, १९८०, तेरा भाग. पहिल्याच भागात ते प्राचीन ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने पृथ्वीचा घेर कसा मोजला ती गोष्ट सांगतात. पुठ्ठ्यावर इजिप्तचा नकाशा, त्यावर दोन छोटे खांब. पुठ्ठा सपाट असला की दोघांच्या सावल्या सारख्या. पुठ्ठा वाकवला की एकाची सावली गायब, दुसऱ्याची लांब. एकाच दिवशी मध्यान्हाला सायनीला सावली नाही आणि अलेक्झांड्रियाला सुमारे सात अंशांची, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा हिस्सा. दोन गावांतलं अंतर ८०० किलोमीटरच्या आसपास. गुणिले पन्नास. पृथ्वीचा घेर ४०,०००.

यात नवखा कुठे सुटला आणि मुरलेला कुठे कंटाळला ते दाखवा.

---

रेवा_नववी (इंदूर)

मी आईच्या खात्यावरून लिहीत नाहीये, माझं स्वतःचं आहे. प्रश्न: हे इंदूरला करता येईल का? आपल्याकडे पण सावली गायब होते ना?

---

कॅटमधला_निवृत्त

होते बाळा. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही वर. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इंदूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो. एकदा ७ जूनच्या आसपास, एकदा ६ जुलैच्या आसपास. जुलैत ढग असणार, म्हणून जूनवर भरवसा ठेवू. घड्याळात बारा वाजता नव्हे हं. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून इंदूरचा खरा मध्यान्ह तेव्हा १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास.

---

लष्करवाला

मी ग्वाल्हेरला काठी लावतो! इंदूर साधारण २२.७ अंशांवर, ग्वाल्हेर २६.२. फरक साडेतीन. एक मीटर काठीची सावली सहा सेंटिमीटर यायला हवी. इंदूर-ग्वाल्हेर हवाई अंतर साडेचारशे किलोमीटर धरलं तर घेर ४६,००० येतोय. जास्त आला की!

---

अवकाशवेडा

हवाई अंतर नाही चालणार हो. ग्वाल्हेर नुसतं उत्तरेला नाही, पूर्वेलाही सरकलेलं आहे. फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्या, ते ३९० च्या जवळपास. ३९० गुणिले ३६० भागिले साडेतीन. ४०,१०० च्या आसपास येतं. आणि दोघांनी एकाच मिनिटाला मोजायचं नाही. तुमचा मध्यान्ह नऊ मिनिटं आधी, १२:१६ च्या सुमारास. सायनी आणि अलेक्झांड्रिया तरी कुठे एका रेखांशावर आहेत? एरॅटोस्थेनिसच्या पद्धतीत हीच बारीक खोच आहे आणि ती कुठल्याच कार्यक्रमात सांगत नाहीत.

---

काकू_स्नेहलतागंज

अवकाशवेडा, तुम्ही चादर न दाखवता आत्ता शिकवलंत बरं का. मला कळलं.

---

भिया_बोले

७ जूनला माझ्या गच्चीवर या सगळे. पोहे माझ्याकडून, जीरावन मारके. शेव वेगळी.

---

प्रश्नचिन्ह

हे छान चाललंय, पण टीव्हीचं काय झालं? आणि साडेबाराला गच्चीवर पोहे कोण खातं?

---

भिया_बोले

इंदूरला कधीपण खातात. भोपाळच्या माणसाने वेळ विचारू नये.

---

संकलक

टीव्हीचं काय? मी सांगतो. कोणी तीन गावांत तीन कॅमेरे लावले, १२:१६, १२:२५ आणि बडोद्याचा जो असेल तो, असं थेट दाखवलं, तर मी फुकट एडिट करून देईन. ब्रेक नाही, "आतापर्यंत काय झालं" नाही. चॅनेल घेणार नाही हे आधीच सांगतो. पण आपल्याला चॅनेल लागतंय कुठे? (प्रश्नचिन्ह, खूश?)

---

दांडियाबाजार

बडोद्याचा मध्यान्ह १२:३६ येतो, पण माझी अडचण आहे. बडोदे २२.३ वर, म्हणजे इंदूरपासून फरक जेमतेम ०.४ अंश. मीटरभर काठीची सावली सात मिलिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे, कारण त्या दिवशी सूर्य आमच्या उत्तरेला असणार. बायको म्हणाली, सात मिलिमीटरसाठी भर उन्हात उभे राहणार?

---

कॅटमधला_निवृत्त

वहिनींचं बरोबर आहे, पण वेगळ्या कारणाने. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीच्या टोकाशी नऊ मिलिमीटरचा धूसर पट्टा येतो. तुमची सात मिलिमीटर त्यात बुडून जाईल.

उपाय आहे. काठीऐवजी मीटरभर उंचीवर आडवा पत्रा धरा, मधोमध भोक पाडा. जमिनीवर सूर्याचाच गोल ठिपका पडेल, त्याचा मध्य सहज खूण करता येतो. भोकातून ओळंबा सोडून त्याच्या बरोबर खालची जागा आधी कागदावर टिंबाने नोंदवा. मग ठिपक्याचा मध्य त्या टिंबापासून किती सरकला ते मोजा. अशाने मिलिमीटरभराच्या आतली नोंद मिळते.

---

रेवा_नववी

काका, भोक चौकोनी पाडलं तर ठिपका चौकोनी पडेल का?

---

कॅटमधला_निवृत्त

भोक बारीक असेल तर ठिपका गोलच. मोठं केलंस तर हळूहळू चौकोनी व्हायला लागेल. कुठपर्यंत गोल राहतो ते आजच कर आणि इथे लिही. मी उत्तर देणार नाही.

---

दांडियाबाजार

पत्र्याचा डबा कापून ठेवलाय. भोक किती मोठं? खिळा तीन मिलिमीटरचा आहे माझ्याकडे.

---

कॅटमधला_निवृत्त

चालेल. कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर ओळंब्याचा दोरा अडकतो.